लॅपटॉपवरचं मोहफूल

मार्च लागला की मला लॅबमध्ये मोहाचा वास येतो. खरं तर यायला नको. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजच्या आवारात कडुनिंब आहेत, एक वाकडा गुलमोहर आहे, मोह नाही. खिडक्याही बंद असतात, कारण उघड्या ठेवल्या की कोळशाची काळी धूळ तासाभरात कीबोर्डवर बसते. तरी सकाळी मी कुलूप काढते, ट्यूबलाइट लावते, आणि तो गोड, जड, थोडा आंबूस वास नाकाशी येऊन थांबतो. मी त्याच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. आठवणी वास घेऊन येतात की वास आठवणी घेऊन येतो, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

मी याच विभागात शिकले आणि आता याच विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हतं. बाबा दहावीपर्यंत पोचले, आई शाळेत गेलीच नाही. म्हणून या इमारतीचं माझ्यावर जे ऋण आहे ते मी कधी नाकारणार नाही. माउस कसा धरायचा इथपासून सरांनी शिकवलं. पण या इमारतीत मी आणखी एक गोष्ट शिकले, ती कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हती. ती संशय घेणं.

परवा सरांनी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलं जाताना विभागाच्या अंकासाठी लिहितात, कॉलेजनं मला काय दिलं. सर म्हणाले, "अर्चना, जरा बघून घे. यातले मशीननं लिहिलेले कोणते, त्यावर लाल पेनानं खूण कर."

अशा कामाला सर मलाच बोलावतात. दोन प्रोजेक्ट शेजारी शेजारी ठेवून कोणी कोणाचं उचललं हे मी चटकन सांगते. एखाद्या मुलानं मित्राचा प्रोग्राम घेतला, सगळी नावं बदलली, पण मधल्या एका ओळीत मित्राच्या बहिणीचं नाव तसंच राहिलं, असं सापडतं. मुलं मला घाबरतात. मागे एक जण म्हणत होता, "मॅडमले आपल्या सावलीवर बी भरोसा नाई."

गठ्ठा वाचायला घेतला. 'ज्ञानाच्या या पवित्र मंदिरात'. 'या प्रवासाने मला घडवले'. पुढचा कागद, पुन्हा मंदिर, पुन्हा प्रवास. गोंडपिपरीची पोर, राजुऱ्याचा पोर, कोरचीहून दोन बस बदलून येणारी पोर, आणि सगळ्यांचा प्रवास एकसारखा. कोणाची बस चुकली नाही. कोणाला ऊन लागलं नाही. मी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या कागदावर खूण करणार तेवढ्यात तो वास आला, आणि हात थांबला.

कारण अशीच एक खूण मी एकदा एका माणसावर केली होती. ती माझी खोलीतली मैत्रीण होती, आणि माझ्या त्या खुणेनं तिचं वर्ष जायला निघालं होतं.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून. आमच्याकडे मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. कागद नाही, शिक्का नाही, पण कोणतं झाड कोणाचं हे लहान पोरही सांगतं. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. काळं गोल रिंगण उरतं. त्या रिंगणात पडलेलं फूल त्या घरचं. घरातली बाई आजारी पडली आणि दोन दिवस आली नाही, तर फुलं तिथेच सुकतील, हरणं खातील, पहाटे अस्वल येऊन खाईल, माणूस उचलणार नाही. जंगलात मोळी बांधून तिच्यावर एक दगड ठेवला तरी तेच. दगडाला कोणी कुलूप समजत नाही, पण त्याच्यापुढे कोणी जातही नाही.

मी लॅपटॉप घेतला तेव्हा आईनं पिशवीच्या बंदाला पळसाच्या मुळीची एक छोटी दोरी बांधली, दोन गाठी मारून.

"आता कोणी हात नाई लावत त्याले," ती म्हणाली.

लॅपटॉप जुना होता, चंद्रपूरच्या बाजारातल्या रफीकभाऊंच्या दुकानातला. त्यांनी तो माझ्या हाती देताना सांगितलं होतं, "बहन, पासवर्ड टाक बरं. लोकं चांगलेच हायेत इथचे, पण उघडा लॅपटॉप दिसला का हात शिवशिवतेच." मी हसले. पासवर्ड टाकला नाही. दोरी होती ना.

होस्टेलच्या खोलीत मी आणि लावण्या. ती सिरोंच्याची. घरात तेलुगू बोलायची, मराठी शाळेत शिकलेली, म्हणून तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं. मी 'काऊन' म्हटलं की ती 'का' म्हणायची. मी म्हणायची, "लावण्या, तू तं टीव्हीवरच्या बाईवाणी बोलतं." ती म्हणायची, "आणि तू बोलतेस ते मराठी आहे हे मला कोणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं." पहिल्या वर्षी वर्गापुढे इंग्रजीत बोलायचं होतं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसले होते. दारावर टकटक करून, बाहेर उभी राहून, तिनं माझ्याकडून पाच वाक्यं पाठ करून घेतली. तिची आई अंबाडीच्या पाल्याचं तिखट लोणचं पाठवायची. बरणी आमच्या दोघींची. चार वर्षं आम्ही एकाच बरणीत बोटं घातली.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला. प्रत्येकानं आपापला करायचा. मी ठरवलं, मोहाचा फोटो दाखवला की संगणकानं सांगायचं, मोह वाळला आहे की ओला आहे. आई हे मुठीत दाबून सांगते, नुसतं बघूनही सांगते. ओला मोह भरून ठेवला तर त्याला बुरशी येते. संगणकाला शिकवायचं तर पुष्कळ फोटो लागतात, आणि प्रत्येक फोटोवर जाणत्या माणसानं लिहावं लागतं, हा वाळलेला, हा ओला. जाणतं माणूस घरीच होतं. मी आईला तिच्या मोबाइलवर फोटो काढायला शिकवलं. ती रोज सकाळ-संध्याकाळ काढायची. शनिवारी मी गावी गेले की आम्ही अंगणात बसून एकेक फोटो पाहायचो.

"हा वाळला. हा नाई. हा तं काल पडला, पाह्य ना, अंगात पाणी हाय त्याच्या."

मी लिहून घ्यायची. एकदा ती थांबली आणि म्हणाली, "मंग मशीनले बी मायासारखे डोळे येतीन का?"

"येतीन," मी म्हटलं.

ती लाजली. तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत राहिली. कॉलेजनं मला काय दिलं असं कोणी विचारलं तर ती संध्याकाळ मी आधी सांगेन. आई माझी शिक्षिका होती आणि तिला ते कळलं होतं.

एप्रिलमध्ये प्रोजेक्ट जमा झाले. तोंडी परीक्षेच्या आधी सर प्रत्येकाचा प्रोजेक्ट चालवून बघत. माझ्या वेळी त्यांनी मूल गावाच्या रस्त्यावरून आणलेले ताजे मोह पिशवीतून काढले आणि कॅन्टीनवाल्या बाईंचं तांदूळ पाखडायचं सूप मागून घेऊन त्यात पसरले. फोटो काढला. प्रोग्रामनं उत्तर दिलं, वाळलेला. फुलांतून तर रस गळत होता.

सरांनी तीच फुलं टेबलावर ठेवून फोटो काढला. उत्तर आलं, ओला.

मला लगेच कळलं. ओला मोह आई अंगणात पसरते, सारवलेल्या जमिनीवर. वाळला की तो सुपात येतो, पाखडायला. तिनं फोटो तिथेच काढले होते जिथे मोह असतो. माझ्या प्रोग्रामनं फुलाकडे नीट पाहिलंच नव्हतं. तो सूप ओळखायला शिकला होता.

सर रागावले नाहीत. चूक कशी झाली ते अहवालात लिही म्हणाले, चांगली चूक आहे. पण त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. सावली गावच्या पंकजला बोलावलं. पंकज आमच्याच वर्गातला, त्याचा विषय होता वनोपज, म्हणजे जंगलातला माल, ओळखून तो वाळला आहे की ओला ते सांगणं. सरांनी त्याच्या लॅपटॉपवर त्याचा प्रोग्राम सुरू केला आणि ताजा मोह पुन्हा सुपात टाकून त्या प्रोग्रामला दाखवला. उत्तर आलं, वाळलेला.

सरांनी दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले.

"बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं," सर म्हणाले. "चूक सारखी येत नाही."

पंकजच्या लॅपटॉपमध्ये आईचे फोटो होते. सगळे. आमचं अंगण, आमचं सूप, एका फोटोच्या कोपऱ्यात आईच्या पायाचं जोडवं. सरांनी विचारलं, कुठून आणलेस. पंकज खाली मान घालून म्हणाला, "माझेच फोटो होय सर." सरांनी दोघांचीही तोंडी परीक्षा थांबवली. कोणी कोणाचं घेतलं ते कळल्याशिवाय नाही.

मी खोलीवर आले. लॅपटॉपच्या पिशवीला दोरी तशीच होती, दोन गाठींसकट. आणि मला वाटलं, लॅपटॉप या खोलीत असतो. या खोलीत मी असते आणि लावण्या असते.

एवढा एकच विचार होता. पण संशय आला की घरातली प्रत्येक वस्तू बोलायला लागते. लावण्या पंकजशी लायब्ररीत बोलताना दिसली होती. कधी? फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कशाला? ती माझ्या खुर्चीवर बसायची, खिडकीजवळ हवा येते म्हणून. हवेसाठी की लॅपटॉपसाठी? तिनं एकदा विचारलं होतं, किती फोटो झाले गं तुझे. कोण विचारतं असं? चार वर्षांतली तिची प्रत्येक चांगली वागणूक मी पुन्हा उलटी करून पाहिली, कापडाची शिवण बघतात तशी. आणि आतून प्रत्येक शिवण वाईटच दिसते.

त्यात तिचे फोन. रोज संध्याकाळी ती व्हरांड्यात उभी राहून आईशी तेलुगूत बोलायची. चार वर्षं मला तो आवाज पाण्यासारखा वाटायचा, मी त्याच्या शेजारी बसून अभ्यास करायची. त्या आठवड्यात मी कान देऊन ऐकलं. मधूनच 'अर्चना' आलं. मग 'प्रोजेक्ट'. मग तिचा आवाज खाली गेला. मी दाराआड उभी होते. माझं नाव मला कळलं, बाकी काही कळलं नाही, आणि जे कळलं नाही ते सगळं मीच भरलं.

तिला विचारायला हवं होतं. खाटेवरून खाटेवर, दोन हातांचं अंतर. मी विचारलं नाही. मी तिची परीक्षा घेतली. आईनं पाठवलेल्या पुडीतलं एक वाळलेलं मोहफूल काढलं आणि बंद लॅपटॉपच्या झाकणावर बरोबर मध्ये ठेवलं. चंद्रपूरची धूळ झाकणावर होतीच, दोन दिवसांची, काळी. त्या धुळीत ते तपकिरी फूल. गावात रिंगण असतं तसं. हात लावला तर कळेल.

दुपारी वर्गातून आले. फूल नव्हतं. आणि झाकण पुसलेलं होतं, स्वच्छ, ओल्या फडक्यानं पुसल्यावर राहतात तशा रेघांसकट.

लावण्या खाटेवर बसून केस विंचरत होती. म्हणाली, "जेवलीस?"

मी म्हटलं, "हो." जेवले नव्हते.

माझ्या लेखी आता पुरावा झाला होता. लॅपटॉप उघडला, बोटांचे ठसे उमटले, म्हणून पुसला. दुसऱ्या दिवशी मी सरांना अर्ज दिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते मी चांगल्या अक्षरात, शुद्ध मराठीत, तिच्यासारख्या मराठीत लिहिलं होतं. 'माझ्या गैरहजेरीत माझा लॅपटॉप हाताळला जात असून माझा संशय माझ्या सहनिवासी विद्यार्थिनीवर आहे.'

सरांनी तिची तोंडी परीक्षाही थांबवली. तिला हैदराबादला एका ठिकाणी नोकरी मिळणार होती, निकाल हातात आला की. हे मला माहीत होतं. अर्ज लिहिताना माहीत होतं.

सरांच्या खोलीत तिला बोलावलं तेव्हा मीही होते. तिनं अर्ज वाचला. वाचायला तिला वेळ लागला. मग सरांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मला विचारलं का नाहीस?"

मी म्हटलं, "तू फोनवर माझं नाव घेत होती."

"मी आईला सांगत होते की अर्चना प्रोजेक्टच्या काळजीनं जेवत नाही, लोणचं जास्त पाठव."

मला ते खोटं वाटलं. हे मी इथे मुद्दाम लिहिते. त्या क्षणी, ते ऐकून, माझ्या मनात आलं, काय पटकन सुचलं हिला.

ती त्या दिवसापासून खोलीत माझ्याशी बोलली नाही. बरणी टेबलावर होती. दोघींपैकी कोणीच झाकण उघडलं नाही.

शनिवारी मी गावी निघाले. बसमधून मूल गाव गेलं, सावली आली. सावलीच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी खिडकीतून पंकजचं घर कुठे असेल असं बघत होते, रागानं. व्याहाडच्या पुढे वैनगंगा आली, एप्रिलातली, वाळूच जास्त. गडचिरोली, आरमोरी. जंगल लागलं तेव्हा पळस संपून गेले होते आणि मोहाच्या झाडांना तांबूस पालवी आली होती. गावात मोह संपत आला होता. आई अंगणात शेवटचा मोह पाखडत होती. सूप वर जायचं, खाली यायचं, आणि फुलांतले सुकलेले केसर वाऱ्यावर तिच्या केसांत जाऊन बसायचे.

मी चपला काढल्या, पाणी प्यायले. ती पाखडता पाखडताच म्हणाली, "तुयावाला तो सावलीचा पोट्टा पास झाला का?"

"कोणता पोट्टा?"

"तुया वर्गातला. त्याच्या आत्याच्या घरी लगन होतं ना इथी, तवा आला होता. मोठा गुणाचा पोट्टा. दारात चपला काढल्या, पाणी मांगतलं. म्हणे, काकू, मले बी मोहाचे फोटो पाहिजे अभ्यासाले. मी म्हटलं, घे बापा."

सूप वर गेलं, खाली आलं.

"सारे देल्ले, माय?"

"सारे म्हंजे? मोबाइल देल्ला त्याच्या हातात. त्यानंच घेतले. कोणता वाळला, कोणता नाई, ते बी सांगतलं मी त्याले. दोन घंटे बसला होता."

"माय, ते माया अभ्यासाचं होतं वो."

"मंग तुयाजवळचे कमी झाले का?"

चार वर्षं मी संगणक शिकत होते. हा प्रश्न कोणत्याच पेपरात आला नव्हता.

"चोरून थोडी नेलं त्यानं," ती म्हणाली. "मांगतलं, देल्लं. आन् तू माया मोबाइलवर खूण कुठी ठेवली होती? मले का मालूम, द्याचं नाई म्हणून?"

दोरी लॅपटॉपच्या पिशवीला होती. जिथे फोटो खरोखर राहत होते त्या मोबाइलला मी काहीच बांधलं नव्हतं. ते कुठूनही जाऊ शकतात हे मी परीक्षेत लिहू शकले असते, पण आईचा मोबाइल ही एक जागा आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माझ्या लेखी तो फोन नव्हता, ती आई होती. आणि आईवर संशय कोण घेतं. तो मी तिच्यावर घेतला जिची भाषा मला येत नव्हती.

आईला मी अर्जाचं सांगितलं नाही तेव्हा. दुसऱ्या दिवशी, ती पुन्हा पाखडायला बसली तेव्हा सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "लोणचेवाली पोट्टी का?" आणि तिनं सूप खाली ठेवलं.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. पंकजला बोलावलं. तो म्हणाला, "काकूनं देल्ले तं माझेच झाले ना सर." तो खोटं बोलत होता असं मला आता वाटत नाही. अर्धं तरी त्याला खरंच तसं वाटत असणार. सरांनी त्याला नवे फोटो काढायला लावले, स्वतःच्या गावातले. तिघांच्याही तोंडी परीक्षा झाल्या. लावण्याचा निकाल वेळेवर लागला, नोकरीही मिळाली. मी केलेलं नुकसान कागदावर कुठेच दिसत नाही.

ती सामान बांधत होती तेव्हा मी दारात उभी राहिले. माफी मागायची वाक्यं मी बसमध्ये पाठ केली होती, तिनं माझ्याकडून पाच इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली होती तशीच. एकही आठवलं नाही. ती उठली, खिडकीच्या फळीवरून काहीतरी घेतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते मोहफूल होतं.

"याला मुंग्या लागल्या होत्या," ती म्हणाली. "लॅपटॉपच्या फटीतून आत चालल्या होत्या. म्हणून फूल इकडे ठेवलं आणि झाकण पुसलं. तुझ्या आईनं पाठवलेलं, म्हणून फेकलं नाही."

मोह किती गोड असतो. ही गोष्ट मला, मोहाच्या गावातल्या मुलीला, सुचायला हवी होती. आमच्या अंगणात लाल मुंग्यांची रांग कधी तुटत नाही. मला अजूनही दिसतं, त्या काळ्या धुळीतून निघालेली लाल मुंग्यांची बारीक ओळ, आणि ओलं फडकं घेऊन वाकलेली लावण्या.

त्यानंतर आमच्यात शुभेच्छा उरल्या. दिवाळीला एक चित्र, वाढदिवसाला एक चित्र. ती अंगठा पाठवते, मी हात जोडलेले पाठवते. मी माझ्या लॅपटॉपला पासवर्ड टाकला, आईच्या मोबाइललाही टाकला. मागच्या महिन्यात गावी गेले तर शेजारची काकू आईचा मोबाइल घेऊन बोलत बसली होती. मी आईला म्हटलं, "पासवर्डचा नंबर कोणाले सांगाचा नसते." ती म्हणाली, "काऊन? साऱ्या गावाले मालूम हाय. मी इसरली तं मले कोण सांगन?"

तर लाल पेन. मी ते बाजूला ठेवलं आणि ज्या मुलीच्या कागदावर पहिली खूण होणार होती तिला बोलावलं. चामोर्शीकडची, शेवटच्या बाकावर बसणारी. 'ज्ञानाच्या या पवित्र मंदिरात' तिचंच.

"हे तू लिवलं का मशीननं?" मी विचारलं. मुद्दाम गावच्या बोलीत.

ती घाबरली. मग म्हणाली, "मशीननं नाई मॅडम. आमच्या शाळेच्या गुरुजीनं लिवलं. त्याईले वाटते मले चांगलं नाई जमत."

मला हसू आलं, तिलाही आलं. मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, बस इथेच. तिनं तासभर लावला. एका ओळीवर मी पुन्हा पुन्हा आले. 'लॅबमध्ये एसी असल्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा मे महिन्यात स्वेटर घातला, आणि घरी सांगितलं तर कोणी खरं मानलं नाही.' बाकीच्यांनाही मी एकेक करून बोलावते आहे. काहींनी मशीनकडूनच लिहून घेतलंय, तसं ते सांगतातही, विचारलं तर. सरांना म्हटलं, खुणांना वेळ लागेल.

सर म्हणाले, "मग तूही लिही अंकासाठी. तूही इथलीच."

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी मला वाटलं, यात माझ्याशिवाय आणखी एका माणसाचं नाव आहे, आणि मागे मी त्या माणसाबद्दल न विचारता लिहिलं होतं. पानांचे फोटो काढून लावण्याला पाठवले. खाली लिहिलं, यात काही खोटं असेल तर सांग, तुझं नाव नको असेल तर काढते.

दोन निळ्या खुणा आल्या. त्यानंतर दोन दिवस काही नाही. मी किती वेळा मोबाइल उचलला आणि काय काय कल्पना केल्या ते लिहीत नाही, जुनी सवय आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मी लॅबचं कुलूप काढत असताना उत्तर आलं. तिच्या त्या शाळेतल्या शुद्ध मराठीत.

'मुंग्या लाल नव्हत्या, काळ्या होत्या. तू पाहिल्या नव्हत्यास. बाकी बरोबर आहे. नाव राहू दे. आई विचारते, लोणचं कोणत्या पत्त्यावर पाठवायचं?'

वर मी लाल लिहिलं आहे. ते तसंच ठेवलं आहे.